जातिवंत कुत्र्यांतील आनुवंशिक नेत्ररोग

वसमतकडील हळदीच्या मळ्यांत किंवा औंढ्याच्या डोंगरपट्टींत रात्रीं जागल करणाऱ्या कास्तकारास राखणदार कुत्र्याची किंमत आम्हीं सांगावयास नको. अलीकडे लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड वगैरे परदेशी जातींचीं पिलें दाम मोजून आणण्याची चाल आपल्या जिल्ह्यांतही पडली आहे. असें एखादें कुत्रें पांच-सहा वर्षांचें होतें न होतें तोंच संध्याकाळीं बांधावर ठेचाळूं लागतें, ओळखीच्या पायरीशीं अडतें, आणि धनी म्हणतो कीं तें भित्रें झालें. पुष्कळदां तें भित्रें झालेलें नसून आंधळें होत असतें.

या विकारास दृष्टिपटलाचा क्षय असें म्हणतात. डोळ्याच्या आंतील मागच्या पडद्यांतल्या, अंधुक प्रकाशांत पाहण्याच्या पेशी प्रथम मरतात. म्हणून आरंभीं केवळ रातांधळेपणा दिसतो व कालांतरानें दिवसाही दिसेनासें होतें. डोळा लाल होत नाहीं, दुखत नाहीं. बाहुली मात्र मोठी राहते व बॅटरीच्या उजेडांत डोळा पूर्वीपेक्षां अधिक चमकतो. नाकानें व कानांनीं कुत्रें आपला व्यवहार इतक्या सफाईनें चालवितें कीं, अंगणांतील बाज किंवा बैलगाडी जागची हलेपर्यंत घरच्यांस संशयही येत नाहीं. यावर औषध नाहीं; आणि कोणी सांगितलें म्हणून डोळ्यांत पूड फुंकणें हा तर निव्वळ छळ होय.

लॅब्रॅडोर, कॉकर स्पॅनियल व पूडल यांत आढळणाऱ्या या क्षयाच्या एका प्रकाराचें मूळ २००६ सालीं एका जनुकाच्या दोषांत सांपडलें. प्रत्येक पिलास या जनुकाची एक प्रत बापाकडून व एक आईकडून मिळते. दोन्ही सदोष असतील तरच डोळे जातात. एकच सदोष असेल तर कुत्रें या रोगापासून जन्मभर मुक्त राहतें, पण दोष पुढें देऊं शकतें. असे दोन वाहक एकत्र आले म्हणजे प्रत्येक पिलूं आंधळें होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन व अगदीं निर्दोष निघण्याचा चारांत एक. हा संभव होय, वांटणी नव्हे; आठ पिलांच्या वेतांत दोनच आंधळीं निघतील असा नेम नाहीं. खरा घात असा कीं, रोग दिसूं लागेपर्यंत त्या नरास अनेक माद्या दाखवून झालेल्या असतात. घरच्या वळूस त्याचीच कालवड दाखवूं नये हें लाल कंधारी पाळणारास कळतें. कुत्र्याच्या बाबतींत मात्र रक्त शुद्ध राखण्याच्या हौसेनें बाप-लेकीचा जोड लावणारे आढळतात.

१९११ सालीं स्वीडनमध्यें माग्नुसन यांनीं गॉर्डन सेटर जातींत हा रोग वर्णिला, तेव्हांच त्याचा संबंध जवळच्या नात्यांतील जोडीशीं लावला होता. पुढें इंग्लंडांत आयरिश सेटर जातींत तो माजला असतां, संशयित जनावर मुद्दाम आंधळ्या जनावराशीं लावून पिलांचे डोळे पाहावे लागत. १९९३ सालीं त्या जातींतील सदोष जनुक सांपडलें व हा खटाटोप सरला. आतां थोड्या रक्तावरून किंवा गालाच्या आंतून टिपलेल्या पेशींवरून परीक्षा होते, व ती आयुष्यांत एकदांच पुरते. वाहक ठरलेला उत्तम नर टाकून देण्याचें कारण नाहीं. निर्दोष मादीशीं लावल्यास एकही पिलूं या दोषानें आंधळें होत नाहीं. उलट सर्वच वाहक वगळले तर आधींच आखूड असलेला वंश अधिक आखडतो. आपल्या मराठवाड्यांतील कारवान पाळणारांनींही नात्यांतील जोड टाळावा, हें बरें.

प्रत्येक आंधळेपणा वंशाचाच असें मात्र नाहीं. गोचिडांच्या तापानेंही डोळे जातात. तो वेळींच ओळखल्यास उपाय चालतो. जर्मन शेफर्डच्या बुबुळावर कडेनें चढणारा तांबूस पडदा हा निराळाच विकार. तो कडक उन्हानें वाढतो व औषधानें आटोक्यांत ठेवतां येतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते, पण मागील पडदा मेला असेल तर ती व्यर्थ. सबब आधीं पडदा तपासून घ्यावा. पशुवैद्यकीय महाविद्यालय परभणीस, म्हणजे आपल्या जवळच आहे.

पिलूं घेतांना केनेल क्लबचा दाखला पुढें केला जातो. तो कुळाचा दाखला आहे, डोळ्यांचा नव्हे. आई-बापांपैकीं निदान एकाच्या जनुकपरीक्षेचा निर्दोष निकाल मागावा. तो नसेल तर दोघांसही दिवेलागणीच्या सुमारास परक्या जागीं चालवून पाहावें. यानें वाहक कळत नाहीं, रोगी तेवढा कळतो. घरचें कुत्रें आंधळें झालेंच असेल तर त्याचा जोड लावूं नये, पाण्याचें भांडें जागचें हलवूं नये, आणि शेतांतील विहिरीस कठडा नसेल तर त्यास तेथें मोकळें सोडूं नये.