दाराचे लॉक : जोर नको, शोध हवा

मोटारीच्या इंजिनाची आणि ब्रेकची आपण काळजी घेतो. दाराच्या लॉकची आठवण मात्र ते उघडेनासे झाल्यावरच होते. तोवर हँडलला हिसके देण्यात आणि ‘त्या बाजूने उतरा, हे दार जरा घट्ट आहे’ असे पाहुण्यांना सांगण्यात महिने निघून जातात. भंगारात निघालेली लॉक उघडून पाहण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. दार घट्ट का झाले, याचे उत्तर बहुधा एकही स्क्रू न काढता मिळते.

आधी रचना पाहू. गाडीच्या चौकटीवर लोखंडी कडी असते, तिला गॅरेजमध्ये स्ट्रायकर म्हणतात. दाराच्या कडेला असलेल्या लॉकमध्ये एक फिरता काटा असतो. दार लोटले की काटा कडीला कवेत घेतो आणि मागून एक छोटा अडसर स्प्रिंगच्या जोराने त्याच्या खाचेत बसतो. खाचा दोन असतात. पहिलीत दार अर्धवट लागते, दुसरीत पूर्ण. हँडल ओढल्यावर फक्त हा अडसर बाजूला सरकतो. काटा फिरवण्याचे आणि दार बाहेर ढकलण्याचे काम स्प्रिंग आणि दाबलेली रबरी पट्टी करतात. म्हणजे हँडल जड झाले, तर एक तर अडसरावर दाब जास्त आहे किंवा वाटेत कुठेतरी घर्षण वाढले आहे.

यातले काय झाले, ते ओळखायला दोन चाचण्या पुरतात. पहिली : एका हाताने दार आत दाबून धरा आणि दुसऱ्याने हँडल ओढा. हँडल हलके झाले तर दोष दाबाचा, म्हणजे कडी सरकली आहे, बिजागरी झिजून दार खाली बसले आहे किंवा नवी रबरी पट्टी जाड आहे. दुसरी : दार उघडे ठेवून पेचकसाने काटा दोनदा ‘कट्’ वाजेपर्यंत फिरवा आणि हँडल ओढा. तरीही जड लागले तर दोष लॉकमध्ये, हँडलमध्ये किंवा त्यांना जोडणाऱ्या दांडीत अथवा केबलमध्ये. आतले आणि बाहेरचे दोन्ही हँडल जड असतील तर संशय लॉकवर. एकच जड असेल तर त्याच्या दांडीवर किंवा केबलवर. दार पुन्हा लावण्यापूर्वी काटा मोकळा करायला विसरू नका, नाहीतर तो कडीवर आदळतो. मागचे दार फक्त आतून उघडत नसेल तर आधी चाइल्ड लॉकचा खटका पाहा.

आमच्याकडे कोरडा उन्हाळा मोठा आणि धूळ भरपूर. लॉकमधले जुने ग्रीस सुकते, त्यात धूळ कालवली जाते आणि चिकट लगदा होतो. त्यावर इंजिन ऑइल सोडले तर दोन दिवस बरे वाटते, मग त्यालाच आणखी धूळ चिकटते. आधी गंज सोडवणाऱ्या स्प्रेने लगदा धुवा, काटा आणि अडसर पेचकसाने वीस-पंचवीस वेळा हलवा, घाण कापडाने पुसा आणि मगच पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ थर द्या. नुसता स्प्रे पुरत नाही. तो उडून जातो. किल्लीच्या भोकात मात्र ग्रीस नको, ग्रॅफाइटची पूड घाला.

दोष दाबाचा असेल तर कडीभोवती पेनाने रेघ आखा, स्क्रू सैल करा, कडी एखादा मिलिमीटर बाहेर सरकवून पुन्हा घट्ट करा. त्यानंतर दार दुसऱ्या खाचेत बसते ना, याची खात्री करा.

एक काम मात्र कधीही करू नका : अडसराची कड कानसणे किंवा स्प्रिंग कमजोर करणे. दार हलके उघडते खरे, पण जीव धोक्यात येतो. जुन्या ‘डुक्कर’ फियाटच्या पुढच्या दारांची बिजागरी मागच्या बाजूला असे. चालत्या गाडीत तसे दार सुटले तर वाराच ते सताड उघडी. अपघातात दारे उघडून माणसे बाहेर फेकली जातात आणि त्यात मृत्यूचा धोका फार वाढतो, हे १९५०च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासातून ठळक झाले. १९६८पासून तिथे लॉकच्या ताकदीचा नियम लागू झाला. पूर्ण लागलेल्या लॉकने साधारण ११०० किलो वजनाइतकी ओढ सोसली पाहिजे, अर्धवट लागलेल्याने साधारण ४५०. ही सारी ओढ शेवटी त्या छोट्या कडेवर येते. ती झिजली असेल तर अख्खे लॉक बदला. दारात एअरबॅगची वायर किंवा सेन्सर असेल तर आतले पॅड जाणकाराकडूनच काढून घ्या.

न उघडणारे दारही तितकेच वाईट. जून २०२३मध्ये नागपुरात तीन, तर एप्रिल २०२४मध्ये मुंबईत अँटॉप हिलला दोन लहान मुले उभ्या मोटारीत मृतावस्थेत सापडली. उन्हातल्या बंद गाडीचे तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने चढते. सोलापुरात मे महिन्यात पारा बाहेरच चाळिशीपार असतो. उभी गाडी कुलूपबंद ठेवणे हा पहिला उपाय. आणि मोठ्या माणसालाही हिसका द्यावा लागणारे हँडल पाच वर्षांच्या हाताने ओढले जाणार नाही, हे लक्षात ठेवून चारही दारे वर्षातून एकदा आतून आणि बाहेरून एका बोटाने उघडून पाहावीत. जे दार अडेल, त्याची दुरुस्ती त्याच आठवड्यात करावी.