अंडे, केळे आणि वजनकाटा

अलीकडे आपल्या घरांतली नातवंडे ‘सोशल रिसर्च इंटर्नशिप’ला जातात. विषय बहुधा बालदारिद्र्य आणि सरकारी धोरण. आजी विचारते, ‘म्हणजे तू नेमके करतेस काय गं?’ आमची बीएचएमएसची इंटर्नशिप सांगायला सोपी होती : रुग्ण तपासा, केसपेपर लिहा. या मुलांचा रुग्ण म्हणजे सरकारी योजना. ती कशी तपासतात, हे कर्नाटकातील शाळांतल्या अंड्यावरून सांगतो. त्या वादात माझ्या जैन समाजाचेही नाव होते.

पूर्वी दारिद्र्य घरखर्चावरून मोजत. पण घरात आलेला पैसा मुलाच्या ताटात उतरतोच असे नाही. म्हणून नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकात पोषण, शाळेतील हजेरी, इंधन, पाणी असे १२ निकष आहेत. त्यानुसार देशातील गरिबांचे प्रमाण २०१५-१६ मधील २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले. मात्र त्याच २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. घर सुधारले तरी मूल मागे राहते, ते असे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेले जेवण देशभर आले. प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, हा त्याचा दंडक. डिसेंबर २०२१ मध्ये बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर अशा जिल्ह्यांत त्यात अंडे आले. न खाणाऱ्यास केळे किंवा चिक्की मिळत असे. काही लिंगायत व जैन धर्मगुरूंनी विरोध केला, तरी पुढे अंडे राज्यभर गेले.

आता इंटर्नचे काम. वर्षारंभी वजन-उंची घ्यायची, वर्षअखेर पुन्हा. पण मुले अंडे न खाताही वाढतातच! म्हणून अंडे न मिळालेल्या, बाकी परिस्थिती सारखी असलेल्या शाळांतील मुलांशी तुलना करावी लागते. उंची एका वर्षात फारसे सांगत नाही. वजन आणि हजेरी आधी बोलतात. मूल अंडे तिथेच खाते की धाकट्या भावासाठी दप्तरात घालते, हे रजिस्टरमध्ये सापडत नाही. त्यासाठी पंगतीत बसावे लागते.

मी जन्मात अंडे खाल्लेले नाही, खाणारही नाही. पण अणुव्रत मी माझ्यापुरते घेतो. ज्या घरात परवडेल तेव्हा अंडे शिजते, त्या घरच्या मुलाच्या ताटावर ते लादायचा अधिकार मला नाही. आमची तक्रार वेगळी हवी होती. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने, शिवाय बी-१२. केळ्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम. केळे प्रसादाला ठीक, अंड्याची बरोबरी ते करू शकत नाही. शेंगदाण्याची चिक्की त्याहून बरी, पण बी-१२ तिच्यातही नाही. त्यासाठी दूध-दही हवे. न खाणाऱ्या गरीब मुलाला तोलामोलाचा पर्याय मागा, असे मी आमच्या मंडळींना सांगत आलो आहे.

आणि नातीला तक्त्यात एक रकाना वाढवायला सांगा : केळे घेणाऱ्याने ते स्वतःच्या मनाने घेतले, की शेजारी बसलेल्यांच्या धाकाने?