व्हर्च्युअल नेटवर्क कार्डचा क्यू: बनवला म्हणजे चालू झाला, असं नाही!

अँड्रॉइड १५ नंतर काही पिक्सेल फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘लिनक्स टर्मिनल’ नावाची गोष्ट आली. ती चालू केली की फोनच्या आत वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये एक अख्खं डेबियन लिनक्स उभं राहतं. त्यात इंटरनेटही चालतं. आता गंमत बघा, या आतल्या मशीनकडे ना स्वतःची वायफाय चिप आहे, ना सिम. मग पॅकेट येतात कुठून?

अशा मशीनला बाहेरून एक खोटं नेटवर्क कार्ड दाखवलं जातं. खोटं म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअरचं. आतल्या सिस्टिमला गेस्ट म्हणतात आणि तिला सांभाळणाऱ्या बाहेरच्या सिस्टिमला होस्ट. या दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचे ठरलेले नियम म्हणजे व्हर्टआयओ. ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनी ही कल्पना मांडली आणि २००८ साली लिनक्स २.६.२४ सोबत ती सगळ्यांच्या हातात आली. आज क्लाउडवरच्या असंख्य सर्व्हरमध्ये हेच नेटवर्क कार्ड असतं.

पॅकेटची देवाणघेवाण होते ती क्यूमधून. क्यू म्हणजे गेस्टच्या रॅममधली अशी जागा जी दोघांनाही दिसते. तिचे तीन भाग असतात. पहिल्यात कुठला बफर कुठे आहे त्याची यादी, दुसऱ्यात ‘हे घे, तुझ्यासाठी तयार आहे’ असं ड्रायव्हर लिहितो, आणि तिसऱ्यात ‘हे वापरून झालं’ असं डिव्हाइस लिहितं. यादीतली एक नोंद १६ बाइटची असते. २५६ नोंदींचा क्यू घेतला तर यादी बरोबर ४०९६ बाइटची होते.

कार्डला निदान दोन क्यू लागतात, एक येणाऱ्या पॅकेटसाठी आणि एक जाणाऱ्या. जाणारा समजायला सोपा आहे. येणारा मात्र उलटा चालतो, आणि मला वाटतं नवीन शिकणारा इथेच गोंधळतो. दूधवाला पहाटे यायच्या आधी आपण रात्रीच दारात रिकामं भांडं ठेवतो ना, तसं ड्रायव्हरला आधी रिकामे बफर क्यूत टाकून ठेवावे लागतात. पॅकेट आलं की डिव्हाइस ते भरतं. भांडंच नसेल तर? पॅकेट गेलं. साध्या सेटिंगमध्ये असा एक बफर निदान १५२६ बाइटचा लागतो: १५०० बाइटचा मजकूर, १४ इथरनेटचे आणि १२ व्हर्टआयओच्या हेडरचे.

आता क्यू बनवण्याचा क्रम. ड्रायव्हर आधी डिव्हाइस रिसेट करतो, ‘मी तुला ओळखलं’ असं कळवतो, मग कोणकोणत्या सोयी वापरायच्या ते दोघं ठरवतात. हे झालं की ड्रायव्हर एकेक क्यू निवडतो आणि त्याचा आकार विचारतो. उत्तर शून्य आलं तर तो क्यू नाहीच असं समजायचं. नाहीतर रॅम घ्यायची, तिन्ही भागांचे पत्ते डिव्हाइसला लिहून द्यायचे आणि सगळ्यात शेवटी ‘क्यू एनेबल’ या जागी १ लिहायचा. हा १ आधी लिहून चालत नाही. पत्ते न देताच क्यू चालू केला तर डिव्हाइस भलत्याच रॅममधून वाचेल किंवा भलतीकडेच लिहून टाकेल.

एवढं करूनही काम संपत नाही! प्रत्येक क्यूचं बटण वेगळं आणि अख्ख्या डिव्हाइसचं वेगळं. त्या दुसऱ्याला ‘ड्रायव्हर ओके’ म्हणतात. तो बिट लागेपर्यंत डिव्हाइसने एकही बफर उचलायचा नाही आणि ड्रायव्हरनेही ‘नवीन बफर टाकलेत बघ’ अशी हाक द्यायची नाही, असा नियम आहे.

नियम वाचायला सोपा, पाळायला कठीण. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्येच याची एक फट होती. ड्रायव्हर आधी नेटवर्क इंटरफेसची नोंदणी करायचा आणि नंतर ‘ड्रायव्हर ओके’ लावायचा. पण नोंदणी झाली की इंटरफेस सगळ्यांना दिसतो. त्या इवल्याशा मधल्या वेळात दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने तो उघडला, तर बफर भरले जाणार आणि डिव्हाइसला हाक जाणार, तेही परवानगीच्या आधी. २०२२ मध्ये हे दुरुस्त झालं. उपाय अगदी साधा होता: नोंदणी आणि ‘ड्रायव्हर ओके’ या दोन्ही गोष्टी एकाच कुलपाच्या आत करायच्या, म्हणजे मध्ये कोणी शिरणारच नाही. असे बग मला फार भयानक वाटतात. शंभरदा बूट करा, काही होणार नाही. एकदाच कधीतरी फटका बसेल, आणि तेव्हा कारण शोधताना माणूस वेडा होईल.

एकापेक्षा जास्त सीपीयू असतील तर क्यूच्या अनेक जोड्या घेता येतात. इथेही तेच: चार जोड्या बनवल्या, एनेबल केल्या, तरी नियमानुसार सुरुवातीला एकच जोडी वापरली जाते. बाकीच्या वापरात आणायला ड्रायव्हर तिसऱ्याच एका क्यूवरून, कंट्रोल क्यूवरून, ‘आता चार जोड्या वापर’ असा हुकूम पाठवतो. व्हीएमला चार सीपीयू देऊनही सगळं नेटवर्कचं ओझं एकावरच पडलेलं दिसलं, तर मी आधी ईथटूलने किती जोड्या खरोखर चालू आहेत ते बघतो.

आणि चालू केलेला क्यू बंद कसा करायचा? ‘क्यू एनेबल’मध्ये ० लिहायला ड्रायव्हरला सरळ मनाई आहे. पूर्वी त्यासाठी अख्खं डिव्हाइस रिसेट करावं लागायचं, म्हणजे एका क्यूसाठी सगळंच नेटवर्क बंद. व्हर्टआयओ १.२ पासून एकटा क्यू रिसेट करायची सोय आली, पण ती डिव्हाइस आणि ड्रायव्हर दोघांनाही मान्य असावी लागते. त्यानंतर तोच क्यू परत हवा असेल तर पुन्हा पत्ते द्यायचे आणि मगच १ लिहायचा.