उस्तादाचं वळण

कल्याण सोडून बदलापूरकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगरला थांबते. 1949 मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या गावाची कोनशिला बसली, तेव्हा फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं लष्करी छावणीच्या बराकींत दिवस काढत होती. त्यांनी येताना आपली लिपीही आणली: 1853 मध्ये इंग्रजांच्या अमदानीत ठरलेली, 52 अक्षरांची, अरबी वळणाची. काही अक्षरांवर तर चार-चार टिंबं. देवाची भजनं उजवीकडून डावीकडे वाचणारी एक अख्खी हिंदू पिढी याच पट्ट्यात म्हातारी झाली. त्यामुळे ही लिपी एका धर्माच्या खात्यावर मांडून मोकळं होणाऱ्यांशी माझं पटत नाही. सुलेखनाची कला मात्र कुराणाच्या प्रती उतरवतानाच वाढली, हेही खरं.

ही कला पोटापाण्याचा धंदा म्हणून नांदली ती लोकलच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईच्या उर्दू छापखान्यांत आणि वृत्तपत्रांत. ‘इन्किलाब’ 1938 मध्ये निघाला. त्या काळी आणि पुढेही कित्येक वर्षं उर्दू दैनिकाचा मजकूर कातिब, म्हणजे सुलेखनाचा धंदा करणारे लेखनिक, हाताने लिहीत असत, रोजच्या रोज, रकानेच्या रकाने. असा हातचा मजकूर दगडावरून, म्हणजे शिळाछापाने, छापत. मराठी वाचकाला शिळाछाप परका नाही. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये छापलेलं पंचांग शिळाछापावरचंच. उर्दूने मात्र शिळाछाप सहजी सोडला नाही, कारण खिळ्यांत तिची अक्षरं बसेनात. कातिब तेलकट शाईने खास कागदावर लिहायचा, तो मजकूर दगडावर उलटा उमटायचा आणि दगडावर काही चुकलं असेल तर संगसाज नावाचा दुसरा कारागीर ते उलट्याच अक्षरांत दुरुस्त करायचा. या संगसाजांबद्दल कोणी सविस्तर लिहायला हवं होतं. आरशातलं अक्षर सुलट्या अक्षराइतकंच सफाईने काढणारी ही माणसं.

शिकणं सुरू होतं बोरूपासून. आपल्याकडे मोडीही बोरूनेच लिहीत, तेव्हा हत्यार ओळखीचं. चाकूने बोरू तासायचा, मधोमध बारीक चीर द्यायची आणि टोक एका फटक्यात तिरकं छाटायचं. या छाटाला कत म्हणतात. कत बिघडला की पुढचं सगळं बिघडलं. शाई काजळी आणि डिंकाची. दौतीत रेशमी धाग्यांचा बोळा ठेवतात, म्हणजे टोकाला शाई बेताची लागते आणि टोक दौतीच्या तळावर आपटत नाही. कागदाला खळ लावून तो अकीकाच्या दगडाने घोटलेला असतो. त्यावर बोरू अडत नाही आणि चुकलेली रेघ पुसून काढता येते. ओळी सरळ याव्यात म्हणून मिस्तर, म्हणजे पुठ्ठ्यावर ताणून बसवलेले दोरे. त्यावर कागद ठेवून बोटाने दाबलं की फिकट रेघा उठतात. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात समर्थांनी लेखनक्रियेवर एक समासच खर्ची घातला आहे. तो वाचलेल्या माणसाला या तयारीचं नवल वाटू नये.

मग नुक्ता. बोरू कागदावर टेकवून तिरका ओढला की चौकटच्या एक्क्यासारखा ठिपका उमटतो. सगळी मोजमापं या ठिपक्याची. अलिफ, म्हणजे उभ्या रेघेचं पहिलं अक्षर, नस्ख शैलीत साधारण पाच नुक्ते उंच, सुलुसमध्ये सात, नस्तालीकमध्ये तीन. घराण्यागणिक थोडा फरक. बोरू जाड घेतला की ठिपका मोठा आणि अक्षरही त्याच पटीत मोठं. पट्टी वेगळी लागतच नाही. दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये वजीर इब्न मुक्ला याने अक्षरांना हे गणित लावलं, अशी परंपरा सांगते.

आधी सुटी अक्षरं, नंतर जोड. शिष्य कित्ता गिरवून आणतो. उस्ताद त्याच्या चुकलेल्या अक्षराखाली स्वतः ते अक्षर काढतो आणि कुठे नुक्ता कमी पडला, पोट कुठे जास्त फुगलं, ते ठिपक्यांनी दाखवतो. ही इस्लाह, आणि सगळी विद्या इथेच. पुस्तकातला कित्ता कितीही देखणा असो, तुमची चूक त्याला दिसत नाही. तुर्की परंपरेत पहिला धडा एका छोट्या प्रार्थनेचा असतो: काम सोपं कर, अवघड करू नकोस. त्या एका ओळीवर शिष्याचे महिनेच्या महिने जातात, ही गंमतच. आणि उस्तादाने इजाजत देईपर्यंत आपल्या लिखाणाखाली स्वतःचं नाव घालायचं नाही. उलट टोक बघायचं तर विजापूरला जावं. 1618 च्या सुमारास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने खलीलुल्लाह या इराणी सुलेखनकाराला लेखणीचा बादशहा असा किताब दिला होता.

उर्दूचं नस्तालीक सगळ्यांत हट्टी. शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन तिरका खाली उतरतो आणि प्रत्येक अक्षर शेजाऱ्याला बघून रूप बदलतं. टाइपरायटरला ते कधी नीट साधलं नाही. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी सुटी अक्षरं सोडून जोडच्या जोड लिहून काढले, हजारोंच्या संख्येने, आणि मोनोटाइपच्या मदतीने यंत्रात भरले. हेच नूरी नस्तालीक 1981 मध्ये ‘जंग’ या दैनिकात अवतरलं. 1994 मध्ये दिल्लीतून इनपेज हे उर्दू मजकूर जुळवण्याचं सॉफ्टवेअर आलं आणि मुंबईतल्या कातिबांच्या बैठका उठू लागल्या. कोणी लग्नपत्रिकांकडे वळला, कोणी पाट्यांकडे.

फैज मुजद्दिद लाहोरी हे मुंबईतलं या कलेतलं मोठं नाव. त्यांची शैली लाहोरी, म्हणजे इक्बालचे काव्यसंग्रह लिहिणाऱ्या अब्दुल मजीद परवीन रकम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या नस्तालीकला नवं वळण लावलं, ती. फैज यांचे शिष्य अस्लम किरतपुरी. ज्या यंत्राने आपल्या बिरादरीची रोजी घेतली, त्या यंत्रासाठीच अस्लम यांनी उस्तादाच्या वळणाचा फॉन्ट घडवला: फैज लाहोरी नस्तालीक. तो इनपेजच्या तिसऱ्या आवृत्तीत आला. मला यात शरणागती दिसत नाही. नूरीच्या छापात लाहोरी वळण पार बुजलं असतं. आता ते शिष्याने यंत्रात नेऊन बसवलं आहे, आणि उर्दूचा हवा तो मजकूर त्या वळणात उतरतो.

पण हाताने लिहिताना एकच जोड दर वेळी जरा निराळा उतरतो. पुढे जागा किती उरली, ओळ कुठे संपते, यावर कातिब अक्षर ताणतो किंवा आवरतं घेतो. फॉन्टला मोजकीच रूपं चालतात. कोणतं ठेवायचं, कोणतं वगळायचं, हे शेकडो वेळा शिष्यालाच ठरवावं लागलं असणार. फॉन्टच्या नावात मात्र फक्त फैज आहेत.