खुर्च्या संपल्या की आकडा थांबतो

आयोवा सिटी हे अमेरिकेच्या मध्यभागी, मक्याच्या शेतांनी वेढलेलं विद्यापीठाचं गाव. तिथे कार्व्हर-हॉकआय नावाचं क्रीडागृह आहे. 2023-24 च्या नियमित हंगामात आयोवा विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाने या क्रीडागृहात जेवढे सामने खेळले, त्या प्रत्येकापुढे प्रेक्षकसंख्येच्या रकान्यात एकच आकडा आहे: 14,998. समोरचा संघ तगडा असो की कच्चा, दिवस कामाचा असो की सुट्टीचा, आकडा तोच. एकाही माणसाचा फरक नाही.

आदल्या हंगामात याच संघाची घरच्या सामन्यांची सरासरी 11 हजारांच्या थोडी वर होती. म्हणजे एका वर्षात साधारण एक तृतीयांश वाढ. पेपरात ही बातमी चौकटीत छापून येईल आणि आपण वाचून पुढे जाऊ. पण इथे थांबावं असं मला वाटतं, कारण ही वाढ खरी असली तरी तिचं माप खरं नाही. खरी वाढ किती होती हे या आकड्यातून कळूच शकत नाही. क्रीडागृहात खुर्च्या 14,998 आहेत, आणि हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी, ऑगस्टमध्येच, मुलींच्या संघाची सगळी सीझन तिकिटं विकली गेली होती. विद्यापीठाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. धान्य मापताना माप शिगोशीग भरलं की वरून किती सांडलं ते मापाला ठाऊक नसतं, तसंच हे. या संघातल्या केटलिन क्लार्क या खेळाडूला पाहण्यासाठी वीस हजार लोक आले असते की चाळीस हजार, याचं उत्तर त्या खुर्च्यांना देता येत नाही.

अंदाज मात्र बांधता येतो. 15 ऑक्टोबर 2023 रोजी विद्यापीठाने आयोवा आणि डीपॉल यांचा सामना क्रीडागृहात न ठेवता किनिक स्टेडियममध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या उघड्या मैदानावर ठेवला. मैदानावर लाकडी कोर्ट अंथरलं. बास्केटबॉलसारखा बंदिस्त छताखालचा खेळ, थंडी, वारा, तरी 55,646 लोक आले. त्याआधी मुलींच्या बास्केटबॉलला एका सामन्यासाठी एवढे लोक कधीच जमले नव्हते. 2002 च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्याचा 29,619 हा जुना विक्रम जवळपास दुपटीने मागे पडला. आणि गंमत अशी की हा सामना सरावाचा, प्रदर्शनीय होता. त्यामुळे हंगामाच्या सरासरीत त्याचा समावेश नाही. सगळ्यात मोठी गर्दी हिशेबाबाहेर राहिली.

एका हंगामाची दुसऱ्या हंगामाशी तुलना करायची म्हणजे दोन आकडे घ्यायचे, वजाबाकी करायची आणि खेळाची लोकप्रियता वाढली की घटली ते सांगायचं, असं वरवर वाटतं. पण त्या आकड्यात माणसांच्या ओढीबरोबर इमारतही मोजली जाते. याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 2019 चं आहे. ड्यूक आणि सिरॅक्यूज या दोन विद्यापीठांचे पुरुष संघ त्या हंगामात दोनदा भिडले. जानेवारीत ड्यूकच्या घरी सामना झाला तेव्हा प्रेक्षक होते 9,314. फेब्रुवारीत सिरॅक्यूजच्या घरी झाला तेव्हा 35,642. तेच दोन संघ, जवळपास तेच खेळाडू, मध्ये जेमतेम सहा आठवडे. सिरॅक्यूज प्रचंड घुमटाखाली खेळतं, जिथे फुटबॉलही होतो. ड्यूकचं कॅमरन क्रीडागृह 1940 सालचं, दगडी बांधणीचं, आटोपशीर. नुसता आकडा पाहणारा म्हणेल की ड्यूकच्या गावात या खेळाचं वेड चौपट कमी.

ते वेड पाहायचं तर दरवाजाच्या आत नाही, बाहेर पाहावं लागतं. 2020-21 चा हंगाम सोडला तर ड्यूकच्या घरचे सामने नोव्हेंबर 1990 पासून सातत्याने पूर्ण भरलेले आहेत. दरवर्षी 9,314. तीन दशकांहून अधिक काळ आलेख काढला तर सरळ रेष येईल; तिच्यावरून खेळ जिवंत आहे की नाही हेसुद्धा समजणार नाही. पण 1986 पासून तिथे एक रिवाज आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यासाठी विद्यार्थी क्रीडागृहासमोरच्या हिरवळीवर तंबू ठोकून राहतात, आणि एक-दोन रात्री नाही, कित्येक आठवडे. तेव्हाचे प्रशिक्षक माइक शिशेव्स्की यांच्या नावावरून त्या वस्तीला शिशेव्स्कीव्हिल म्हणतात. एका तंबूत बारा जणांपर्यंतचा गट नोंदवता येतो. दिवसा कुणीतरी तंबूत असलंच पाहिजे, रात्री बहुतेकांनी तिथेच झोपायचं. हजेरी घेणारेही विद्यार्थीच. ते अपरात्री भोंगा वाजवतात आणि झोपलेली पोरं डोळे चोळत, ब्लँकेट गुंडाळून नाव सांगायला बाहेर येतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत, परीक्षांचा अभ्यास तंबूत करून. मागणी मोजायची असेल तर ती या हिरवळीवर मोजावी: कोणत्या तारखेला पहिला तंबू लागला, किती लागले, किती जण थंडीने गळाले. प्रेक्षकसंख्येच्या अधिकृत तक्त्यात यातलं काहीच येत नाही.

इमारत आकडा खालीही खेचू शकते. केंटकी विद्यापीठाचा पुरुष संघ रप अरीनामध्ये खेळतो. 1976 साली उघडलेल्या या वास्तूची क्षमता बरीच वर्षं 23,500 होती, आणि सरासरी गर्दीत हा संघ वर्षानुवर्षं देशात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असायचा. 2019 मध्ये वरच्या भागातले सलग बाक काढून पाठ टेकायच्या खुर्च्या बसवल्या. क्षमता उतरून 20,545 झाली. पुढच्या वर्षीच्या आकड्यातली घट पाहून कुणी म्हणालं असतं की केंटकीचे लोक कंटाळले, तर तो मोठा अन्याय ठरला असता. माणूस पाठ टेकून बसू लागला म्हणून सरासरी कमी झाली.

आणि कधीकधी माणसं इमारतीला जुमानत नाहीत. कार्व्हर-हॉकआयमध्ये मुलींच्या सामन्याला जमलेली सर्वात मोठी गर्दी क्लार्कच्या काळातली नाही. ती आहे 3 फेब्रुवारी 1985 ची. प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट, आयोवाच्या प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर, आणि प्रेक्षक 22,157. त्या वेळी क्षमता होती साडेपंधरा हजारांच्या आत. उरलेले सहा-सात हजार पायऱ्यांवर, वाटांमध्ये, जिथे उभं राहता येईल तिथे. महिला क्रीडा विभागाच्या प्रमुख ख्रिस्टीन ग्रँट यांना अग्निशमन अधिकाऱ्यांची कानउघाडणी ऐकावी लागली. आयोवा तो सामना हरली. अमेरिकेत मुलींच्या कॉलेज खेळांना कायद्याने समान वागणूक मिळू लागली 1972 नंतर. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांत हे घडलं होतं. असा आकडा आज नोंदलाच जाणार नाही, कारण आज कुणी एवढ्यांना आत घेणार नाही. म्हणून 1985 चा 22,157 आणि 2024 चा 14,998 शेजारी ठेवून मुलींचा खेळ मागे गेला असं म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या नियमांखालची मापं एका तराजूत घालणं.

मोजतात कसं, हाही प्रश्न आहेच. जाहीर होणारी प्रेक्षकसंख्या पुष्कळदा विकलेल्या तिकिटांची असते, दारावर स्कॅन झालेल्या तिकिटांची नव्हे. तिकीट घेतलं, पण बर्फ पडला म्हणून घरीच राहिला, असा माणूसही मोजला जातो. विद्यापीठाला पैसे मिळाले, म्हणून त्यांच्या लेखी तो हजर. एका वर्षी एक पद्धत आणि पुढच्या वर्षी दुसरी वापरली तर खुर्च्या न हलवता आकडा हलेल. तुलना करणाऱ्याने आधी हे विचारावं आणि मग आलेख काढावा.

आता पाहुण्या संघाकडे वळू, कारण खरी जादू तिथे आहे. 31 जानेवारी 2024 ला आयोवाचा संघ शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात खेळायला गेला. तिथल्या क्रीडागृहाच्या सगळ्या 7,039 जागा भरल्या. नॉर्थवेस्टर्नच्या महिला संघाच्या सामन्याची सगळी तिकिटं खपण्याची ही पहिलीच वेळ. दहा दिवस आधी ओहायो स्टेटच्या मैदानावर 18,660 लोक आले होते. आता छोटा हिशेब करून पाहा. समजा एका संघाचे घरी पंधरा सामने आहेत आणि एरवी प्रत्येकाला 1,500 लोक येतात. सरासरी 1,500. पुढच्या हंगामात चौदा सामन्यांना तेवढेच आले, पण एका सामन्याला क्लार्क आली आणि 7,039 भरले. सरासरी झाली जवळपास 1,870. पंचवीस टक्के वाढ! संघ तोच, गाव तेच, चौदा संध्याकाळी स्टँड तितकाच रिकामा. एका पाहुणीच्या एका भेटीने वर्षाचा आकडा बदलला. त्यापुढच्या वर्षी वेळापत्रकात तो सामना दुसऱ्याच्या घरी गेला की हीच वाढ घट होऊन समोर येईल, आणि बिचाऱ्या प्रशिक्षकाला विचारतील की प्रेक्षक कुठे गेले. सरासरीऐवजी मधला आकडा, म्हणजे सगळे सामने चढत्या क्रमाने लावून बरोबर मधोमध येणारा आकडा पाहिला, तर दोन्ही वर्षी तो 1,500 च निघतो. एवढी साधी युक्ती, पण तिच्यामुळे धुकं एकदम निवळतं.

देशभराच्या सरासरीत आणखी एक चकवा आहे. पुरुषांच्या सर्वोच्च गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात अडीचशेच्या आसपास संघ होते. आज साडेतीनशेच्या वर आहेत. नव्याने वर चढलेले बहुतेक संघ लहान कॉलेजांचे, छोट्या क्रीडागृहांचे. समजा दोन संघ आहेत, एकाला 20,000 प्रेक्षक, दुसऱ्याला 4,000, तर सरासरी 12,000. त्यात 1,000 प्रेक्षकांचा तिसरा संघ आला की सरासरी घसरून 8,300 वर येते. एकही माणूस घरी बसला नाही, उलट हजार जण वाढले, तरी तक्ता घसरण दाखवतो. या शतकात पुरुषांच्या सामन्यांची सरासरी पाच हजारांच्या वरून खाली आली. त्यातलं खरं ओसरणं किती आणि ही नव्या संघांची भर किती, हे वेगळं केल्याशिवाय रडगाणं गाऊ नये.

2020-21 चा हंगाम तर तुलनेतून बाजूलाच काढावा लागतो. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली. पुढच्या वर्षी पुरुषांची सगळी स्पर्धा एकट्या इंडियाना राज्यात खेळवली आणि फुटबॉलच्या अवाढव्य स्टेडियममधल्या अंतिम सामन्याला 8,131 लोक होते. क्लार्कचा कॉलेजमधला पहिला हंगाम हाच. आयोवा ज्यात खेळतं त्या बिग टेन गटात तिकीटविक्रीच बंद होती. जिच्यासाठी पुढे देशभर रांगा लागल्या, त्या मुलीचं पदार्पण घरच्या काही माणसांपलीकडे जवळपास कुणी प्रत्यक्ष पाहिलं नाही.

पण हे सगळं आयोवातच का घडलं? मला वाटतं यासाठी दोन हंगामांचा नाही, शंभर हंगामांचा हिशेब मांडावा लागतो. या राज्यात 1920 पासून शाळकरी मुलींची बास्केटबॉल स्पर्धा होत आली. बऱ्याच काळापर्यंत त्यांचा खेळ वेगळा होता: एका बाजूला सहा जणी, तिघींनी फक्त गुण मिळवायचे, तिघींनी फक्त अडवायचं, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच टप्पा घालायचा. दे मॉइन शहरातल्या सभागृहात राज्याची अंतिम फेरी असली की खेड्यापाड्यांतून गाड्या भरून लोक येत. 1968 च्या अंतिम सामन्यात डेनिस लाँगच्या युनियन-व्हिटनने जेनेट ओल्सनच्या एव्हर्लीला जादा वेळेत 113-107 असं हरवलं, ते आयोवातली म्हातारी माणसं अजून सांगतात. 1993 मध्ये हा सहा जणींचा खेळ संपला, प्रेक्षक उरले. मुलींचा सामना पाहायला जाणं हे तिथल्या घरांमध्ये आजीपासून चालत आलेलं आहे.

2024 मध्ये क्लार्क व्यावसायिक खेळात गेली, प्रशिक्षक लिसा ब्लूडर निवृत्त झाल्या. आकडा आता कोसळणार असं वाटणं साहजिक होतं. सूत्रं आली जॅन जेन्सन यांच्याकडे. जेन्सन आयोवातल्याच, शाळेच्या शेवटच्या वर्षी सहा जणींच्या खेळात त्यांची सरासरी होती सामन्याला 66 गुण, आणि त्यांच्या आजीने 1921 मध्ये ऑड्युबन गावाच्या संघाकडून राज्याचं विजेतेपद मिळवलं होतं. 2024-25 ची सीझन तिकिटंही सगळी संपली. तक्त्यात पुन्हा तोच 14,998. त्यातल्या किती जणांनी क्लार्कच्या काळात मिळवलेली जागा हातची जाऊ नये म्हणून पैसे भरले आणि किती जण नव्या मुलींसाठी आले, हे समजायला त्या हंगामाच्या गर्दीचा उपयोग नाही. त्यासाठी दारावर खरोखर स्कॅन झालेली तिकिटं पाहावी लागतील, आणि त्यापुढच्या वर्षी किती जणांनी आपलं तिकीट पुन्हा घेतलं तेही.