सोम, बुध, शुक्र : साडेचारची पाळी

आमच्या पतसंस्थेच्या हजेरीपटात माझ्या नावापुढे सोमवार, बुधवार आणि शुक्रवारच्या चौकटीत पेन्सिलीने एक बारीक टिंब असतं. टिंब म्हणजे आज हे साडेतीनला डायलिसिससाठी उठणार. चार वर्षं झाली त्या टिंबाला. माझी नोकरी टिकली ती त्याच्यामुळे.

मी हिशेबनीस, म्हणून आधी आकडे मांडतो. हिमोडायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. हे चार तास नुसते यंत्राचे. त्याआधी वजन, बीपी, सुया लावणं. नंतर सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं बोळा दाबून बसणं, पुन्हा बीपी, आणि जाण्यायेण्याचा वेळ. सहा तास धरा. वर्षाच्या ५२ आठवड्यांत १५६ खेपा. प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाची रजा टाकली तरी ७८ दिवस होतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित आणि २० दिवस अर्धपगारी रजा मिळते. खासगीत इतकीही क्वचितच. म्हणजे रजेवर हे गाडं वर्षभर चालत नाही. पहिले सहा महिने मी तोच खटाटोप केला आणि दिवाळीच्या आत शिल्लक शून्यावर आली. बदलायची होती ती डायलिसिसची पाळी.

बहुतेक केंद्रांत तीन पाळ्या चालतात : सकाळी सहा-सातची, दुपारी बाराच्या सुमाराची आणि संध्याकाळी चार-पाचची. नवा माणूस हटकून सकाळची मागतो. उरकून टाकू, मग ऑफिसला जाऊ, असा त्याचा बेत असतो. पण यंत्रावरून सुटल्यावर अंग पिळून वाळत घातलेल्या धोतरासारखं होतं. कुणाला तासाभरात हुशारी येते, कुणाला दुसरा दिवस उजाडावा लागतो. त्या अवस्थेत खुर्चीवर बसता येतं, जमाखर्च जुळवता येत नाही. संध्याकाळच्या पाळीत तो थकवा झोपेत जिरतो. मी साडेआठला सुटतो, मऊ भात खातो, झोपतो आणि सकाळी दहाला टेबलावर असतो. अर्थात ही पाळी सगळ्यांनाच हवी असते. प्रतीक्षायादीत नाव घाला आणि टेक्निशियनला दर पंधरवड्याला आठवण करा. काही मोजक्या ठिकाणी रात्री झोपेत सात-आठ तासांचं संथ डायलिसिसही होतं.

एखादी खेप पुढे ढकलता येणार नाही का, असं साहेब पहिल्यांदा विचारतात. त्यांना यंत्राचं काम समजावून सांगावं लागतं. मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त एका सुईने बाहेर येतं, गाळणीतल्या केसाएवढ्या हजारो पोकळ तंतूंतून जातं आणि दुसऱ्या सुईने परत येतं. चार तासांत ७२ लिटर. अंगात रक्त असतं पाचेक लिटर, म्हणजे तेच रक्त चौदा-एक वेळा फिरतं. तंतूंच्या बाहेरून मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने शुद्ध पाण्यात क्षार कालवलेलं द्रावण वाहतं, ते चार तासांत १२० लिटर. युरिया आणि पोटॅशियम त्यात उतरतात, अंगातलं जास्तीचं पाणी यंत्र ओढून घेतं. धडधाकट मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास राबतं. यंत्राला मिळतात १२. त्यातले चार कापले तर तूट मोठी. लघवी अजून बरी होत असेल तर डॉक्टर कधी दोन खेपांवर भागवतात, आणि खर्चापायी आपल्याकडे कित्येक जण दोनच करतात. पण ऑफिसच्या सोयीसाठी तिसरी आपणहून गाळणं हा निव्वळ वेडेपणा. शुक्रवार ते सोमवार हे अंतर आधीच लांब असतं. म्हणून सोमवारी दुपारी मला जिना चढताना धाप लागते, आणि त्या दिवशी तिजोरीची मोजणी मी घेत नाही.

आमच्या सिस्टर वजनकाट्यापाशी उभ्या राहून रोज एकच प्रश्न विचारतात : ‘‘आज किती घेऊन आलात?’’ पाण्याबद्दल विचारतात. लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाने प्यायलेलं बरंचसं पाणी अंगातच राहतं, एक लिटरला एक किलो. अंगात जादा पाणी नसतानाचं वजन म्हणजे ‘ड्राय वेट’. माझं ६० किलो. पाणी काढण्याचा वेग ताशी दर किलोमागे १३ मिलिलिटरच्या वर जाऊ नये, असं मानतात. माझ्यासाठी ही मर्यादा चार तासांत तीन लिटरच्या थोडी वर येते. साडेतीन घेऊन गेलो तर पोटरीत गोळे येतात, बीपी पडतं, आणि मंगळवारी ऑफिसात माझ्या जागी माझं भूत बसलेलं असतं. दोनच्या आत राहिलो तर मंगळवार माझा. कामाचा दिवस चांगला जाणार की वाईट, हे आदल्या दोन दिवसांच्या पेल्यांवर ठरतं.

तहान लावतं ते मीठ. चारच्या चहाबरोबरचं फरसाण, डब्यातलं लोणचं, वाढदिवसाचे वेफर्स ही खरी चोरवाट. मी अर्धा लिटरची बाटली सकाळी भरतो, ऑफिसचं पाणी त्यातलंच. चहा अर्धा कप, तोही हिशेबात. जेवणाबरोबर फॉस्फरस बांधणारी गोळी घ्यायची असते, घासांबरोबर; नंतर आठवून घेतली तर तिचा उपयोग उरत नाही, म्हणून ती डब्याच्या झाकणालाच चिकटवलेली असते. बटाटा चिरून, भरपूर पाण्यात उकळून, पाणी ओतून मगच. आणि आजारी माणसाला भेटायला येणारे प्रेमाने आणतात ते नारळपाणी आमच्यासाठी पोटॅशियमचा घडा आहे. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचा ठोका चुकतो. केळ्याचंही तसंच. कमरख, म्हणजे कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं ते आंबट फळ, मूत्रपिंडाच्या रुग्णाने तोंडातही घालू नये. त्यातलं विष थेट मेंदूवर जातं.

आता हात. फिस्टुला म्हणजे मनगटाजवळ किंवा कोपरापाशी धमनी आणि शीर जोडून जाड केलेली रक्तवाहिनी. तिच्यावर बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती मी रोज अंघोळीच्या वेळी तपासतो. थांबली तर त्याच क्षणी दवाखाना. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, डायलिसिसखेरीज सुई नाही, घड्याळ नाही, जड पिशवी नाही. लोकलमध्ये दांडी उजव्या हाताने, बॅगही उजव्या खांद्यावर. ओझी उचलण्याचं काम असलेल्याला म्हणूनच काम बदलून मागावं लागतं. माथाडीला ‘नोकरी सोडू नका’ म्हणणं सोपं आहे, एवढं कबूल केलंच पाहिजे.

साहेबांना सांगायचं का? मी आठ महिने लपवलं आणि पस्तावलो. पाय सुजलेले, चेहरा काळवंडलेला, संध्याकाळी पळ काढणारा माणूस. लोक भलतेच तर्क करतात. शेवटी डॉक्टरांकडून एका पानाचं पत्र घेतलं : कोणते वार, किती वाजता, कोणतं काम करू शकतो, कोणतं नाही. त्यासोबत मीच लिहून दिलं की शनिवारी उशिरापर्यंत बसेन. पत्रामुळे दया येत नाही, वेळापत्रक बसतं. आणि मला तेच हवं होतं. दौरा आला तर जायच्या गावातल्या केंद्रात आधी जागा सांगून ठेवायची. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट जवळ असले तर घेतात.

कायद्याचा आधार मात्र तोकडा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, मूत्रपिंडाचा आजार त्यांत नाही. ही त्रुटी मला आजही खटकते. ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत आहे आणि ईएसआय कापला जातो, त्यांना वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकतं. जुनाट मूत्रपिंड निकामी होणं हे ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत असल्यामुळे, दोन वर्षांची सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी असेल तर पुढे ८० टक्के दराने लांबचा लाभही मिळतो. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, आणि २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत सोय आहे. एसटीच्या सवलतींच्या यादीतही डायलिसिसचे रुग्ण आहेत. कागद गोळा करायला वेळ लागतो, तो नोकरी शाबूत असतानाच काढावा.

सुयांपेक्षा वेळ मोठी अडचण असेल तर पोटातलं डायलिसिस, सीएपीडी, हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारा. पोटात कायमची नळी, दिवसातून साधारण चार वेळा दोन लिटरची पिशवी बदलायची, दर वेळी अर्धा-पाऊण तास. एका शाळेतल्या बाई दुपारची पिशवी मुख्याध्यापकांच्या खोलीत दार लावून बदलत असत. ज्यांना परवडतं ते रात्री झोपेत यंत्राकडून बदलून घेतात आणि अख्खा दिवस मोकळा राहतो. अट एकच : हात आणि जागा स्वच्छ. नाहीतर पोटात जंतुसंसर्ग होतो आणि महिना वाया जातो.

नोकरी आणि डायलिसिस यांचं नातं जुनं आहे. १९६० साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येणारी नळी काढली, तेव्हा कुठे यंत्रावरचा हा उपचार वर्षानुवर्षं चालवता आला. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स कारखान्यातला मशिनिस्ट होता. तो त्यानंतर अकरा वर्षं जगला. यंत्रं मोजकी असल्याने पुढे तिथे रुग्ण निवडायला नागरिकांची समिती बसली, आणि ती माणसाची नोकरीही पाहायची. आमच्या हॉलमधल्या नऊ खुर्च्यांवर रिक्षावाला, निवृत्त तलाठी आणि मी शेजारी-शेजारी असतो. तशी चाळणी इथे नाही, हे बरं.

क्रिएटिनिन चढतंय असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल आणि यंत्र अजून लागलं नसेल, तर फिस्टुलाचं आजच विचारा. तो वापरण्याजोगा व्हायला दीड ते तीन महिने लागतात. ऐनवेळी मानेत नळी घालून सुरुवात झाली की ताप, संसर्ग, पुन्हा भरती यांत नोकरीचे पहिले महिने जातात. आणि ज्या हाताने लिहीत नाही, त्या हाताच्या शिरेत आजपासून कुणालाही सुई टोचू देऊ नका.