हसा, पण पहारा ठेवा

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली, तुम्ही जिथे कुठे असाल तिथे रात्रीची जेवणं आटोपली आहेत असं धरून चालतो. कारण आजचा विषय जेवणानंतरचा आहे. मोबाईलवर दिसणारे खाण्यापिण्याचे गमतीदार व्हिडिओ.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो. जवानांना शिधा पोचवणारी ही कोअर. पिठाची पोती, डाळी, तेल, हवाबंद डबे तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. डबा फुगलाय का, तारीख कोणती, हे पाहिल्याशिवाय माल ताब्यात घ्यायचा नाही, हा नियम. निवृत्तीनंतर सिकंदराबादला सैनिकपुरीत स्थायिक झालो आणि तो नियम गणवेशाबरोबर ट्रंकेत गेला. घरातला बिस्किटाचा पुडा मी कधी उलटा करून पाहिला नाही.

तो पाहायला लावला माझ्या नातीने. एक व्हिडिओ तिने दाखवला. त्यात एकच मुलगा दोन सोंगं घेतो. एकदा तो पुड्याची पुढची बाजू होतो, छाती फुगवून सांगतो, "मी पाच धान्यांचा, मी पौष्टिक!" मग तोच पुड्याची मागची बाजू होतो आणि चोरट्या आवाजात पुटपुटतो, "मैदा, पामतेल, साखर..." आम्ही सगळे पोट धरून हसलो. हसणं थांबल्यावर नात म्हणाली, "आजोबा, तुमचा पुडा आणा."

आणला. घटकांच्या यादीत पहिला मैदा, मग तेल, मग साखर. पाच धान्यं पार शेवटी, चिमूटभर. आता यातली गोम समजून घ्या. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ज्याचं वजन सर्वांत जास्त, तो पहिला. म्हणून पहिली तीन नावं वाचली की मालाची जात कळते. आणखी एक युक्ती असते. साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज अशी गोडाची वेगवेगळी नावं वेगवेगळ्या जागी येतात. प्रत्येकाचं वजन थोडं, म्हणून प्रत्येक जण यादीत खाली. बेरीज केली तर गोड वर सरकतं.

मग हिशेब केला. माझ्या पुड्यात १०० ग्रॅमला २१ ग्रॅम साखर होती. एक बिस्कीट साडेसात ग्रॅमचं. सकाळी चार, संध्याकाळी चार, म्हणजे ६० ग्रॅम बिस्किटं आणि साडेबारा ग्रॅमच्या आसपास साखर. जवळजवळ तीन चमचे. मला तीन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला, तेव्हापासून मी बिनसाखरेचा चहा पितो आणि चारचौघांत ते अभिमानाने सांगतो. साखर चहातून गेली होती, बशीत तशीच बसली होती.

एका हसवणाऱ्या व्हिडिओने डॉक्टरांच्या सल्ल्याइतकं काम केलं. असं मोठ्या प्रमाणावरही घडलंय. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेबद्दल खोचक व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस आली, त्याने व्हिडिओ काढून माफी मागितली. पण चर्चा थांबली नाही. वर्षभराने, एप्रिल २०२४ मध्ये, केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात ठेवू नका. कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक'ची व्याख्याच नाही.

इथवर सगळं छान. पण माझी चूक पुढे झाली. एका विनोदी व्हिडिओने खरं सांगितलं, म्हणून सगळेच विनोदी व्हिडिओ मला खरे वाटू लागले.

काही दिवसांनी दुसरा एक व्हिडिओ आला. एक गृहस्थ डॉक्टरांची फर्मास नक्कल करत होता. नक्कल करता करता म्हणाला, "रोज सकाळी उपाशीपोटी पेलाभर दुधीचा रस घ्या, महिन्यात गोळ्या कचऱ्यात!" मी खूप हसलो, आणि दुसऱ्या दिवसापासून रस सुरू केला. गोळ्या कचऱ्यात टाकल्या नाहीत, पण सौ.च्या नकळत ड्रॉवरमध्ये ढकलल्या. नवव्या दिवशी रस कडूजहर लागला. मला वाटलं, औषध कडूच असायचं. दुसरा घोट घेणार, तेवढ्यात सौ.ने पेला हातातून काढून घेतला, जिभेवर थेंब ठेवला आणि मोरीत ओतला. "अहो, कडू दुधी भाजीलासुद्धा घेत नाहीत. आई आधी फोड चाखायची, मग चिरायची."

तिच्या आईचं बरोबर होतं. दुधी, काकडी, दोडका या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एखाद्या फळात ती फार वाढली की ते कडू होतं, आणि त्याचा रस विषासारखा काम करतो. उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं. देशात यामुळे मृत्यू झालेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही हेच सांगितलंय की आधी चाखा, कडू लागलं तर टाकून द्या. मला एका घोटावर थोडी मळमळ झाली, तेवढ्यावर निभावलं. पण तपासणीत उपाशीपोटीची साखर २१२ निघाली आणि ड्रॉवरचं गुपित फुटलं.

त्या रात्री मी विचार केला. नियम इतका पाठ असलेला माणूस फसला कसा? हसताना पहारा सैल पडतो. रुक्ष भाषणाला आपण शंका विचारतो. हसवणारा माणूस आपला मित्र वाटतो, आणि मित्राला कोण ओळखपत्र मागतो?

रात्री छावणीच्या दारावर संतरी ओरडतो, "थम! कौन आता है?" येणारा स्वतः कमांडिंग ऑफिसर असला तरी त्याला थांबावं लागतं. त्यात अपमान काही नाही. तसे तीन प्रश्न मी आता प्रत्येक व्हिडिओला विचारतो.

पहिला, सांगणारा काय विकतो? शेवटी पावडर, डबा किंवा 'कोर्स' निघाला, तर आधीचा विनोद ही जाहिरातच होती.

दुसरा, किती? 'अमुक वाईट, तमुक चांगलं' याला मापाशिवाय अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. पाकिटावर मात्र बहुधा मीठ नसतं, सोडियम असतं. त्या आकड्याला अडीचने गुणा, मीठ मिळेल. आणि आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका 'सर्व्हिंग'चा, हे बघा.

तिसरा, तो काय सोडायला सांगतो? औषध सोडायला सांगत असेल, तर हसून झाल्यावर डॉक्टरांना फोन करा.

हे प्रश्न विचारले तरी मजा कमी होत नाही. परवाच एका छान व्हिडिओत कुन्नूरची गोष्ट होती. १९२० च्या दशकात तिथे रॉबर्ट मॅकॅरिसन या लष्करी डॉक्टरने उंदरांना देशातल्या वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण घातलं. शीख थाळीवरचे उंदीर सर्वांत धडधाकट निघाले. गव्हाची पोळी, डाळ, भाज्या, दूध, लोणी असं ते जेवण. पठाणी दुसरं. तिसरा क्रमांक मराठी जेवणाचा! मुख्यतः पॉलिश केलेल्या तांदळावर चालणारं मद्रासी जेवण तळाला. आमची नात टाळ्या पिटत होती. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. पण त्या डॉक्टरने एका पदार्थाला देव किंवा राक्षस केलं नाही, अख्खं ताट तपासलं. त्याच प्रयोगशाळेतून पुढे राष्ट्रीय पोषण संस्था वाढली. ती आता आमच्या घरापासून जवळच, तारनाक्याला आहे.

तर मंडळी, पोटभर हसा. आज रात्री झोपण्याआधी स्वयंपाकघरातला एकच पुडा उलटा करा आणि पहिली तीन नावं मोठ्याने वाचा. घरात लहान मूल असेल तर त्यालाच वाचायला सांगा. गोळ्या मात्र वेळेवर घ्या. मीही घेतो, सौ.च्या समोर.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.